गळ घालून बसताना

गाडी वरच थांबवा, अगदी पाण्यापर्यंत आणू नका. दिवे मालवा, इंजिन बंद करा आणि लगेच उतरू नका. काचा खाली करून थोडा वेळ नुसते बसा. राधानगरीचा रस्ता सोडून धामोडला आलात, की तुळशी धरणाचं पाणी खाली अंधारात असतं. अजून दिसत नाही, पण वास येतो. ओल्या गाळाचा, शेवाळाचा आणि कुठेतरी वर फुललेल्या करंजाचा.

पाण्यापर्यंत दोनेकशे पावलं उतरायची आहेत. कोल्हापुरातून निघताना जे बरोबर घेतलंत ते सगळं अजून गाडीत बोलतंय: राहिलेला हप्ता, मुलीची परीक्षा, काल कुणी फोनवर तोडून बोललं ते. त्याला गप्प बसवायच्या भानगडीत पडू नका. ते गप्प बसणाऱ्यांतलं नाही. त्याला म्हणावं, तूही चल, फक्त हळू चल.

आता पायताण काढून हातात घ्या. कोल्हापुरी पायताणाची सगळी ऐट त्याच्या करकरण्यात. माणूस दिसायच्या आधी त्याची वहाण ऐकू यावी, ही आपल्याकडची हौस. इथे हीच हौस नडते. कटला, रोहू, खुद्री या घराण्यातल्या माशांच्या कण्याच्या सुरुवातीला इवल्या हाडांची एक साखळी असते. पोटात हवेची पिशवी असते, तिला ही साखळी थेट कानाशी जोडते. पाण्यात कुठे काही हललं की पिशवी थरथरते आणि थरथर कानापर्यंत पोचते. शिवाय दोन्ही कुशींवर, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, बारीक छिद्रांची एक रेघ असते. तिला पाण्याचा जवळचा हेलकावा कळतो. म्हणजे तुम्ही काठावर पोचायच्या आधी तुमची बातमी पोचलेली असते. टाच आपटू नका. चवडा टेकवा, मग टाच. असं चालायला लागलं की माणूस आपोआप हळू चालतो, आणि हळू चालायला लागलं की बरोबर आलेलं सगळं जरा मागे पडतं. पडलं तर पडू द्या, वळून बघू नका.

खाली आलात. बसा.

हे बसणं नम्रतेचं वगैरे नाही, त्याला कारण आहे. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला सगळं आभाळ डोक्यावरच्या एका गोल झरोक्यात दिसतं. अलीकडच्या डोंगरापासून पलीकडच्या डोंगरापर्यंत जे काही वर आहे ते प्रकाश वाकल्यामुळे सुमारे ९७ अंशांच्या शंकूत गोळा होतं. झरोक्याबाहेर पाण्याची पाठ म्हणजे आरसा. तिथे तळच उलटा दिसतो. काठावर उभा राहिलेला माणूस त्या झरोक्याच्या कडेला उगवतो, वाकलेला, चेपलेला, पण हलता. जितकं खाली बसावं तितका तो कडेला दाबला जाऊन पुसट होतो. पुरता खाली बसला की जवळजवळ नसतोच. एवढ्या स्वस्तात नाहीसं होता येतं हे मला वयाच्या दहाव्या वर्षी मामाने शिकवलं. त्याला त्यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. तो नुसतं म्हणायचा, “खाली बस की गप. त्येला तू दिसतोयास.”

बसलात ना? मांडी घातली तरी चालेल, उकिडवं बसलात तरी चालेल; मामा उकिडवाच बसायचा, तासन् तास. मला ते जमत नाही.

आता उजाडेल. ते उजाडणं बघायला काही करायचं नाही. आधी पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं असतं, राखाडी. मग डोंगराची कड सुटी होते. मग तिचं प्रतिबिंब सुटं होतं. मग अचानक दिसतं की समोरच्या कुसुंबाला नवी पालवी आली आहे आणि ती हिरवी नाही, तांबडी आहे, तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखी. सह्याद्रीत चैत्र असा येतो. तो आधी लाल होतो, हिरवा नंतर.

आणि पाणी बघा. काठापासून चार-पाच हात आतपर्यंत तळ दिसतोय, त्यातले गोटे, बुडालेली एक फांदी, तिच्यावरचं मऊ शेवाळ. हेच पाणी श्रावणात चहासारखं असतं. पावसाळाभर डोंगराची तांबडी माती ओढे खाली आणतात. दसऱ्यानंतर ओढे आटायला लागतात, नवीन गाळ येत नाही, जुना बसायला लागतो. थंडीभर बसत राहतो. कुणी काही करत नाही. पाणी गाळावं लागत नाही की निवळवावं लागत नाही. फक्त त्यात नवीन काही येणं थांबलेलं असतं. पाच-सहा महिने गेले की चैत्रात ते असं होतं. अजून महिनाभराने ऊन चढलं की ते हिरवट होईल. म्हणजे हे जे आत्ता तुमच्यासमोर आहे ते वर्षातले मोजके आठवडे टिकणारं आहे. आपण ऐन वेळेला आलोय.

हे तुळशीचं पाणी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, या पाच जणींची प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, हे कोल्हापूरच्या पोराला शाळेच्या आधी घरात शिकवतात. नदी खाली धरणातून बाहेर पडते तेव्हा तिला ऊस दिसतो, गूळ दिसतो, कारखाने दिसतात, शहर दिसतं. इथे अजून तिने काही बघितलेलं नाही.

काठी काढा. माझी काठी साधी चिव्याची आहे, भरीव, नऊ फुटांची. पिशवीत घडी करून नेता येणाऱ्या कार्बनच्या काठ्या कोल्हापुरात आता मिळतात आणि त्या चांगल्याही असतात, त्यांची टिंगल करण्यात अर्थ नाही. पण याच दिवसांत जोतिबाच्या डोंगराकडे सासनकाठ्या निघतात. घरापेक्षा उंच, गुलालाने माखलेल्या, चारी बाजूंनी तोरण्या ओढून तोललेल्या. त्या काठ्या घेऊन लाखो माणसं वाडी रत्नागिरीचा तो डोंगर चढत असताना आपण आपली एक बारकी काठी घेऊन उलट्या दिशेला पाण्याकडे उतरावं, यात मला उगाचच एक गंमत वाटते. देवाला त्याचं काही वाटत नसावं.

तंगूस मोकळा करा. त्याला आधीच्या दिवसाची गुंडाळीची सवय लागलेली असते. दोन बोटांत धरून हळू ओढलं की तो सरळ होतो. टोकाला गळ, वर वीतभर अंतरावर शिशाचा मणी, त्याच्या वर बुचाचा तुकडा. डब्यात ओल्या मातीत गांडुळं आहेत. एक घ्या. ते वळवळेल. वळवळणारच. इथे नजर चोरू नका. दिवसातलं पहिलं दुखणं आपण देतोय, आणि ते आपल्यालाच बघायचं आहे.

आता.

पहिल्यांदा मी आलो तेव्हा मामाला विचारलं होतं, “टाकू का गळ?” मामा हसला नाही. म्हणाला, “आरं, गळ टाकत न्हाईत, घालत्यात.”

तेव्हा वाटलं, हे काहीतरी गावाकडचं. मोठेपणी लक्षात आलं की मराठीत ‘गळ घालणे’ म्हणजे विनवणे. थांब ना, जेवून जा, एवढं माझं ऐक. आपण कुणाला गळ घालतो तेव्हा त्याला ओढत नाही. आपल्या हातात काही नसतं म्हणूनच गळ घालतो. कोशकार कदाचित सांगतील की या वाक्प्रचारातला गळ निराळा, तो गळ्यात पडण्यातला आहे. त्यांचं बरोबर असेल. पण पाण्याकाठी बसलं की दोन्ही गळ एकच वाटतात, आणि मी इथे मामाच्या बाजूने आहे. गळ टाकणाऱ्याला मासा पाहिजे असतो. गळ घालणाऱ्यालाही पाहिजेच असतो, खोटं कशाला बोलायचं. पण त्याला हे कबूल असतं की समोरचा नाही म्हणू शकतो.

म्हणून मनगट सैल सोडा. बूच पाण्यावर पडताना आवाज झाला तर पुन्हा उचला, पुन्हा घाला. चुळूक असा बारीक आवाज आला की झालं. वर्तुळं पसरतात. ती काठाला येऊन विरेपर्यंत बघत राहा. सगळी विरू द्या. मगच श्वासाकडे या.

श्वासासाठी मी रंकाळ्याचा नंदी वापरतो. तुम्हाला गोष्ट माहीत असेल, कोल्हापुरात कुणाला माहीत नाही? रंकाळ्याजवळच्या देवळातला हा प्रचंड नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. ज्या दिवशी तो तळ्याला टेकेल त्या दिवशी प्रलय. लहानपणी मी हिशेब करायचो: गहू वजा तांदूळ किती? तांदूळ कुठला धरायचा यावर जगाचं आयुष्य ठरतं. आजऱ्याचा घनसाळ धरला तर दाणा बुटका, नंदी पुढे जाईल. बासमती धरला तर बिचारा वर्षानुवर्षं मागेच जात राहील, आणि जग कायमचं वाचेल.

तर श्वास घेताना गव्हाएवढं पुढे. सोडताना तांदळाएवढं मागे. एवढंच. छातीभर ओढायचा नाही, रोखायचा नाही. बुचावर नजर ठेवा, पण डोळे वटारून नाही. बघताय असं कुणाला कळू नये इतपत. बुचाची तांबडी कड, तिच्याखाली तिचंच प्रतिबिंब, मध्ये पाण्याची एक रेघ. गव्हाएवढं पुढे. तांदळाएवढं मागे. मन हप्त्याकडे गेलं तर त्याला हाक मारायची नाही. ते परत येतं, कारण बूच हलल्यासारखं वाटतं.

हललं नव्हतं. वारा होता.

अर्धा तास असा जाईल, कदाचित तास. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत उभा राहील, दगडासारखा पडेल, चोचीत चांदीचं काहीतरी घेऊन जाईल. त्याचा हेवा वाटेल. वाटू द्या. तो टाकणाऱ्यांतला आहे, स्वतःलाच टाकतो.

या वेळेला मी नावं म्हणतो. मोठ्याने नाही. ओठ हलले तरी पुरे. खुद्री. कोळस. फुलंगी. नुक्ता. पोटेल. बोगट. ही नावं सावकाश म्हणा, दोन नावांच्या मध्ये एक श्वास सोडून. खुद्री. कोळस. फुलंगी.

ही आपल्याकडच्या नद्यांतल्या माशांची नावं. मुंबई सरकारच्या नोकरीत विल्यम सायक्स नावाचा एक लष्करी अधिकारी दख्खनभर आकडेवारी गोळा करत हिंडला. माणसं, पिकं, पक्षी, जे दिसेल त्याची त्याने नोंद केली. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं लंडनमध्ये छापली, आणि नवीन मासा दिसला की त्याला ग्रीक-लॅटिन काही शोधत बसण्याऐवजी पुष्कळदा इथलं चालतं नाव देऊन टाकलं. म्हणून आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत दख्खनचा महाशीर ‘टॉर खुद्री’ आहे. नाकाडावर उंचवटा असलेल्या त्या विचित्र माशाच्या नावात ‘नुक्ता’ आहे. फुलंगी तर फुलंगीच आहे, जपानी माणसालाही फुलंगी म्हणावं लागतं.

मी नेहमी विचार करतो त्या सकाळचा, जेव्हा कुठल्यातरी नदीच्या काठावर साहेबाने मासा वर धरून विचारलं असेल, याला काय म्हणता? आणि टोपलीजवळ बसलेला भोई किंवा कोळी, कमरेपर्यंत ओला, म्हणाला असेल, फुलंगी. त्या माणसाचं नाव कुठेच नाही. त्याने उच्चारलेला शब्द मात्र पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ जगभर बोलला जातोय. कोल्हापूरच्या माशांची एक यादी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली, त्या यादीतही ही सायक्सची नावं पाय रोवून बसली आहेत. तो भोई काय म्हणून बोलला असेल? साहेब विचारतोय, सांगून टाकू, एवढंच. त्याच्या आवाजाची कल्पना करा. जरा घसा बसलेला, पहाटेच्या पाण्याने. फुलंगी.

बूच बुडालं.

झटका देऊ नका! नाही, दिलातच. सगळे देतात. तंगूस हवेत वर आला, गळ रिकामा, गांडूळ गेलं. हरकत नाही. तुम्ही फुलंगीत होता. पुन्हा डबा उघडा.

दुसऱ्या खेपेला थांबा. बूच थोडं बसतं, वर येतं, आडवं सरकायला लागतं. तेव्हा काठी नुसती उचला, जेवणाऱ्या माणसासमोरचं ताट उचलावं तशी, न सांडता. हाताला जे लागतं ते वजन नाही, जिवंतपणा आहे. कोपरापर्यंत येतो. चिलापी निघाली, तळहाताएवढी, काटे उभे करून.

हात ओला करून धरा. कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. चिलापी इथली नाही. मोझांबिकच्या बाजूची, भारतात १९५२ मध्ये आणलेली, आणि आता उजनीपासून इथल्या खणीपर्यंत सगळीकडे घरच्यासारखी. तिच्याबद्दल अभ्यासक कुरकुर करतात आणि त्यांचं बरोबर आहे. इथल्या माशांची जागा ती खाते. पण तिची एक गोष्ट ऐका. मादी अंडी तोंडात घेते. पिल्लं निघाली तरी काही दिवस तिच्या तोंडातच असतात, भीती वाटली की पळत येऊन पुन्हा आत शिरतात. त्या काळात ती जवळजवळ काही खात नाही. तिला गळ घालून उपयोग नसतो, तिचं तोंड भरलेलं असतं.

ही जी हातात आहे तिचं तोंड रिकामं होतं. बघा तिच्याकडे. कल्ले उघडमीट करतायत. मामाचा नियम सोपा होता: वीतभरापेक्षा कमी ती परत, जास्त ती कालवणात, आणि कालवणात जाणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही. मारायचं तर एका फटक्यात, दगडावर. हे वाचताना वाईट वाटलं तर वाटू दे, मलाही अजून वाटतं. ही वितीपेक्षा कमी भरते. पाण्यात हात बुडवून मूठ सैल करा. क्षणभर ती तशीच राहते, तुमच्या बोटांत, मोकळी आहे हे कळायच्या आधीची. मग नसते.

अकरा वाजले की ऊन लागतं. मासे खाली जातात, आपण करंजाखाली जाऊ. भाकरी सोडा, खर्डा, कांदा. कांदा बुक्कीने फोडलेलाच बरा. तांबडा-पांढरा रस्सा खाणाऱ्या या जिल्ह्यात मासा तसा दुय्यम. पाहुण्याला मासा वाढला तर त्याला वाटतं मटण आणायला जमलं नाही वाटतं. पण एकेकाळी राजे लोकही माशाच्या मागे काठी घेऊन बसत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा तिसरा सोमेश्वर गादीवर असताना त्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये गळाने मासे धरण्यावर चांगलं सविस्तर प्रकरण लिहिलं गेलं, ‘मत्स्यविनोद’ नावाचं. मासे कोणते, दोरी कशी, आमिष कुठलं, आधी त्या जागी रोज खाऊ घालून मासे कसे आणायचे, सगळं. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये ते प्रकरण अभ्यासकांपुढे आणलं. त्याच काळात कोल्हापुरावर शिलाहारांचं राज्य होतं, चालुक्यांचे मांडलिक. त्यांच्यातल्या गंडरादित्याने गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची देवळं उभी केली. एका पाण्याच्या काठी तिघं. मला ही कल्पना फार आवडते, की त्या तिघांपैकी दोघं काठावर बसलेल्या गळवाल्याकडे बघून नापसंतीने डोळे मिटून घेत असतील.

इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं ते १६५३ मध्ये, आणि उपशीर्षकात तिला चक्क मनन करणाऱ्या माणसाची करमणूक म्हटलं. सोमेश्वर त्याच्या पाचशे वर्षं आधीचा. पण सोमेश्वराच्या मागे नोकर छत्र धरून उभे असणार, त्यामुळे मनन किती झालं असेल कोण जाणे.

डोळे मिटायचे तर मिटा. दुपारची झोप हीसुद्धा आजच्या दिवसात बसते.

झोपेच्या आधी एक गंमत सांगतो. मामाचा मुलगा, माझा मामेभाऊ, मिशिगनमध्ये असतो. तिकडे वसंतात बर्फ वितळून पाणी जरा ऊबदार झालं की तो तळ्यावर जातो आणि बास नावाचा मासा धरतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. फोटो आला की मामा फोन डोळ्यांजवळ नेऊन बघतो. पहिल्यांदा त्याने विचारलं, “माशाचं नाव काय म्हनलास?” “बास.” “आं?” “बास, बास.” मामा म्हणाला, “मासा सोत्ताच बास म्हनतोय, तर धरतोयास कशाला?”

त्यावर मामेभावाने सांगितलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. बासचा नर वसंतात उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून गोल खळगा करतो, मादी अंडी घालून जाते आणि बाप पहाऱ्याला उभा राहतो. पिल्लं पोहायला लागली तरी काही दिवस त्यांच्याबरोबर असतो. स्वच्छ पाण्यात तो खळगा काठावरून दिसतो. गळ त्याच्यासमोर नेला की तो भूक नसतानाही झडप घालतो. त्याला वाटतं कुणीतरी पोरांवर आलं.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मरळीवानीच की.”

उठा आता. चार वाजले असतील. सावल्या लांबल्या, वारा पडला. काठाने उजवीकडे चला, जिथे पाणी आत शिरून गवतात मिळतं तिथे. हळू. पायताण हातातच.

इथे मरळ असते. काळपट, लांब, सापासारखं डोकं. तिला पाण्यातली हवा पुरत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन बाहेरची हवा घ्यावी लागते. त्यामुळे ती लपली तरी तिचा श्वास लपत नाही. गवताच्या कडेला नजर ठेवा आणि आपला श्वास तसाच चालू द्या. पुढे, मागे. एक मोठं वर्तुळ उठेल, आवाज होईल, कुणीतरी ओठांनी चहाचा घोट घेतल्यासारखा. ते तिचं. ती आणि तुम्ही आत्ता एकच हवा घेतलीत.

आणि थांबा. तिकडे, तीन हातांवर, पाण्याला काय झालंय? जणू कुणी वरून मूठभर बारीक वाळू टाकली. पाणी एका जागी चुळबुळतंय आणि खाली तांबूस, नारिंगी ढग सरकतोय, ताटाएवढा. मरळीची पिल्लं. शेकडो. एक एक काडीएवढं. सगळी एकदम वर येतात, हवा घेतात, एकदम खाली जातात. त्यांच्या खाली, जरा मागे, दोन काळ्या लांब सावल्या आहेत, हलत नाहीत. आई आणि बाप.

या वेळेला मरळ धरणं सगळ्यात सोपं. बेडकी लावून गळ त्या ढगावरून ओढला की ती येणारच, खायला नाही, फाडायला. कित्येक लोक याच दिवसांची वाट बघतात. तशी धरली की वरचा नारिंगी ढग दोन दिवसांत विरतो. चिलापी, पाणकावळे, मोठे मासे, सगळ्यांचं फावतं. मामाने मला आयुष्यात एकदाच मारलं, याच जागी, मी बारा वर्षांचा होतो. गळ ढगाकडे न्यायला हात उचलला होता, तेवढ्यात पाठीत धपाटा बसला. तो काही बोलला नाही. नंतर घरी मामीला सांगताना मी ऐकलं, “हितं गळ घालायचा न्हाई. ती काय आपल्या बोलावन्यानं येत न्हाई.”

तंगूस गुंडाळा. काठी गवतात आडवी ठेवा. आता हातात काही नाही, बघायला मात्र ढग आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनी देवीचं ठाणं. तिथले मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही, आणि ते माणसाच्या हातातून चुरमुरे खायला काठाला येतात म्हणतात. तिथे देवी आहे. इथे नुसता धपाटा आहे, पस्तीस-चाळीस वर्षं जुना.

नारिंगी ढग वर. हवा. खाली. वर. हवा. खाली. तुमचा श्वास त्यांच्याबरोबर जायला लागला तर जाऊ द्या. नंदीला आज सुट्टी.

पश्चिमेला डोंगरामागे खरा ढग चढतोय. वळीव. खालून काळानिळा, वरून फुलकोबीसारखा. अजून गडगडत नाही, पण पाण्याचा रंग बदलला, कुसुंब एकदम जास्तच लाल दिसतोय. एक गार झोत येतो आणि त्याला मातीचा वास आहे, म्हणजे पलीकडे कुठेतरी पडायला लागलाय. पाण्यावर सुरकुत्या आल्या आणि पिल्लं दिसेनाशी झाली.

खिशात फोन थरथरेल. मामा असेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, गुडघे गेले, हा उतार आता त्याला जमत नाही. तो मासे किती मिळाले विचारत नाही. “काय म्हनतंय पानी?” विचारतो. त्याला सांगा, तळ दिसत होता. सांगा, मरळीला पिल्लं झालीत, त्याच जागी. तो “हां” म्हणेल आणि बराच वेळ फोन ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका.

पहिले थेंब मोठे असतात, एकेकटे. करंजाखाली माती भुसभुशीत आहे. डब्यात चार-पाच गांडुळं उरलीत, ती तिथे ओता आणि वरून पालापाचोळा सरकवा. ती आत जायला वेळ लावतात, बघत बसावंसं वाटतं. पण अंधार पडतोय, वरचा रस्ता वळणाचा आहे, आणि पायताण कुठल्या दगडावर ठेवलंत ते आधी शोधायला लागेल.